कंपनीचा सीझन आणि घरचा ऊस : सुरू हंगामाच्या प्रकल्प नोंदी

ठिकाण वाळवा तालुका, जिल्हा सांगली. विहिरीकडचा प्लॉट दीड एकर (खरिपात सोयाबीन होतं), ओढ्याकडचा एक एकर (उभा ऊस, यंदा तोड), माळाकडचे वीस गुंठे. नोकरी पुण्यात, निविष्ठा (बियाणं, खतं, औषधं) कंपनीच्या विक्री विभागात. रोज शेतावर असणारे दोघे : आण्णा (वडील) आणि एक गडी. नोकरी न सोडता तीन एकराचं नियोजन हळूहळू हातात घेणं, हा प्रकल्प.

१० नोव्हेंबर २०२४

पाणी आहे, कारखाना जवळ आहे, म्हणजे पीक ऊसच. वाद आहे तो लागण कधी करायची याचा. आण्णांचं मत आडसाली : जुलैत लावा, सतरा महिने ठेवा, टनेज घ्या. टनेजपुरतं ते बरोबर आहे. पण आडसाली आणि निविष्ठा कंपनीतली नोकरी एकमेकांच्या उरावर बसतात.

विक्रीचं वर्ष कागदावर उतरवलं. एप्रिल-मेमध्ये खरिपाची प्लेसमेंट, म्हणजे डीलरच्या गोदामात माल भरणं. जून ते ऑगस्ट लिक्विडेशन, म्हणजे तोच माल डीलरकडून शेतकऱ्याकडे जातोय की नाही याचा पाठपुरावा. सप्टेंबर-ऑक्टोबरात रब्बीची प्लेसमेंट आणि खरिपातला न खपलेला माल परत घेण्याची भांडणं. नोव्हेंबर आणि निम्मा डिसेंबर रब्बीचं लिक्विडेशन. मार्च म्हणजे क्लोजिंग आणि वसुली. बँकेत किंवा आयटीत असलेला गावकरी जूनमध्ये आठवडाभर रजा टाकून येतो. शेतीच्याच कंपनीत असलेल्याला नेमकी शेतीच्या दिवसांत रजा मिळत नाही. मोकळा काळ एकच, डिसेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीअखेरपर्यंत.

'सुरू' ही हिवाळ्यातली लागण, तिचा हंगाम मध्य डिसेंबर ते मध्य फेब्रुवारी. ओढ्याकडचा ऊस जानेवारीत तुटला तर खोडव्याची (तोडलेल्या उसाच्या बुडख्यांतून पुन्हा फुटणाऱ्या पिकाची) कामंही त्याच काळात येतात. म्हणून निर्णय : विहिरीकडे सुरू, ओढ्याकडे खोडवा, आडसाली बंद.

याची किंमत आधीच लिहून ठेवलेली बरी. सुरू उसाला खोडकिडीचा त्रास सगळ्यात जास्त, कारण कोंब कोवळे असतानाच उन्हाळा लागतो. मार्च ते मे पाण्यात खंड चालत नाही. आणि एकरी टनेज आडसालीपेक्षा कमी.

२४ नोव्हेंबर

कागदपत्रं. सातबारा, कारखान्याचं सभासदत्व, उसाची नोंद आणि बिलाचं बँक खातं, चारही आण्णांच्याच नावावर ठेवायचं ठरलं. सातबारा एकाचा, नोंद दुसऱ्याची आणि बिल तिसऱ्याच्या खात्यावर अशी सरमिसळ झाली की कारखान्यातही अडतं आणि आयकरातही. शेती उत्पन्न आयकरातून मुक्त आहे. पण ते पगारदाराच्या स्वतःच्या नावावर आलं आणि पाच हजारांच्या वर गेलं, तर पगारावरच्या कराचा दर ठरवताना धरलं जातं. विवरणपत्रात दाखवावं लागतंच.

पीएम किसानबद्दल गावात एक गैरसमज आहे, की मुलगा कर भरतो म्हणून बापाचा हप्ता बंद होतो. योजनेत कुटुंब म्हणजे नवरा, बायको आणि अल्पवयीन मुलं. सज्ञान मुलाचा पगार त्यात येत नाही. आण्णा स्वतः करदाते नाहीत, त्यामुळे हप्ता चालू राहतो.

कंपनीच्या बाजूने दोन गोष्टी. एचआरकडे शेतजमिनीची लेखी माहिती दिली. आणि ज्या डीलरला आपण माल देतो त्याच्याकडून घरच्या शेतासाठी उधारी घ्यायची नाही. बिल आण्णांच्या नावाचं, पैसे त्याच दिवशी. फुकट आलेल्या चार पोत्यांचा हिशोब डीलर मार्चमध्ये स्कीमच्या रूपात मागतो. घरच्या रानात कंपनीचा डेमो प्लॉटही नको. डेमोला चांगला कोपरा निवडला जातो, मालाची आणि पाण्याची खैरात होते, आणि त्यातून आपल्या शेताबद्दल काहीच कळत नाही.

माती परीक्षणाला नमुना दिला : नांगरटीआधी, बांध आणि खताच्या ढिगाची जागा सोडून, नागमोडी चालीने पंधरा ठिकाणची माती, नऊ इंच खोलीची.

८ डिसेंबर

ठिबकचा हिशोब. सरी पाच फुटी. एकरात पाच फुटाला एक याप्रमाणे साधारण २,६५५ मीटर लॅटरल (ड्रिपर असलेली ठिबकची नळी) लागते, दीड एकराला चार हजार मीटरच्या आसपास. ड्रिपर ४० सेंटिमीटरवर, म्हणजे सुमारे दहा हजार ड्रिपर.

दुकानदार ताशी चार लिटरचा ड्रिपर सुचवतो. मग पूर्ण प्लॉटला ताशी चाळीस हजार लिटर पाणी हवं. पाच एचपीची मोटर फिल्टर आणि पाइपातली घट सोसून एवढं देत नाही. प्लॉटचे दोन भाग करावे लागतात आणि मध्ये व्हॉल्व्ह बदलायला माणूस लागतो. रात्रपाळीची वीज असेल तेव्हा हा माणूस म्हणजे आण्णा. ताशी दोन लिटरचा ड्रिपर घेतला तर वीस हजार लिटरमध्ये दोन्ही व्हॉल्व्ह एकदम उघडे राहतात. एकदा चालू, एकदा बंद, मध्ये कोणी लागत नाही. दोन लिटरचाच घेतला.

या मांडणीत तासाला सव्वातीन मिलिमीटर पाणी पडतं. मेमधली रोजची गरज सहा-सात मिलिमीटर धरली तर दोन तास पुरतात. आण्णांचा आक्षेप : "सरी भरल्याशिवाय ऊस वाढतोय होय?" उत्तर गावातच आहे. कृष्णाकाठची कितीतरी रानं अती पाण्याने क्षारपड झाली. आता साडेसात एचपीपर्यंतच्या शेतीपंपांना वीज मोफत आहे, म्हणून मोटर बंद करायची कोणाला घाईही नसते.

फिल्टरच्या आधी आणि नंतर एकेक प्रेशर गेज. दोन्हींतला फरक अर्धा किलोच्या वर गेला की जाळी धुवायची. गेज नसेल तर फिल्टर तुंबल्याचं उसाची शेवटची ओळ पिवळी पडल्यावर कळतं.

२२ डिसेंबर

मोबाईल स्टार्टर (फोनवरून मोटर चालू-बंद करणारा) बसवला. लांब राहून शेती करणाऱ्याला या एका वस्तूचा जितका उपयोग तितका बाकी कशाचा नाही, म्हणून सविस्तर.

थ्री फेज वीज आठवड्यातले काही दिवस दिवसा, काही दिवस रात्री. स्टार्टर नुसता ऑटोवर टाकला तर वीज आल्याक्षणी डीपीवरच्या (ट्रान्सफॉर्मरवरच्या) सगळ्या मोटरी एकदम उठतात, भार अंगावर येतो आणि फ्यूज उडतो. मग डीपी बंद, आणि लाइनमन येईपर्यंत सगळ्यांचंच पाणी बंद. म्हणून ऑन-डिले टायमर, म्हणजे वीज आल्यावर काही मिनिटं थांबून मोटर सुरू करणारा, हवाच. शेजारच्यांशी बोलून वेळा वाटून घेतल्या : कोणी दोन मिनिटं, कोणी चार, आपला सहा. कपॅसिटर बसवून घेतला.

ड्राय-रन : विहिरीचं पाणी तळाला गेलं की मोटर कोरडी फिरते आणि करंट उतरतो. भरलेल्या विहिरीवर, ठिबक पूर्ण चालू असताना करंट मोजला आणि त्याच्या दोन तृतीयांशाला कट-ऑफ लावला. तो स्टार्टर बनवणाऱ्याने लावून दिलेल्या सेटिंगवर ठेवू नये. आपल्याकडचं व्होल्टेज कमी असतं, त्यामुळे चालू करंट मोटरच्या पाटीवरच्या आकड्यापेक्षा जास्त येतो. पाटीवरचा आकडा धरून कट-ऑफ काढला तर तो खाली राहतो आणि वेळेवर तुटत नाही.

सिमकार्ड घेताना घरात नाही, मोटरच्या खोलीत रेंज कोणाची आहे ते पाहायचं. वर्षाचा रिचार्ज एकदम मारायचा. स्टार्टर बंद पडल्याच्या तक्रारींत संपलेला रिचार्ज आणि कॉन्टॅक्टरमध्ये चिकटलेली पाल ही दोन कारणं वरचढ असतात. पालीसाठी पेटीची केबलची भोकं एम-सीलने बुजवली, पेटीत डांबराच्या गोळ्या टाकल्या.

हातातला जुना स्टार्टर काढला नाही, बायपास स्विचवर ठेवला. आण्णांना फोन न वापरता मोटर सुरू करता आली पाहिजे.

५ जानेवारी २०२५

माती अहवाल : सामू (पीएच) ८.२, चुनखडी मध्यम, सेंद्रिय कर्ब कमी, लोह आणि जस्त कमी. दोन नांगरटी झाल्या होत्या. दीड एकराला पंधरा टन शेणखत, त्यातलं दोन तृतीयांश दुसऱ्या नांगरटीआधी विस्कटून टाकलं होतं. उरलेलं रिजरने पाडलेल्या पाच फुटी सरीत.

सूक्ष्म अन्नद्रव्यं एकरी : फेरस सल्फेट १० किलो, झिंक सल्फेट ८, मँगनीज सल्फेट ४, बोरॅक्स २. चुनखडीच्या जमिनीत फेरस सल्फेट तसंच टाकलं तर लोह लगेच बांधलं जातं. दसपट शेणखतात कालवून, ओलं करून, पाच-सहा दिवस झाकून ठेवलं आणि मग सरीत दिलं.

१२ जानेवारी

ओढ्याकडची तोड झाली. ऊसतोड टोळीबरोबर बोलणं एकाच मुद्द्यावर : ऊस जमिनीलगत तोडा. बुडख्यात वजनही जास्त, साखरही जास्त. शिवाय उंच तोडलेल्या बुडख्यावरचे वरचे डोळे आधी फुटतात, ते फुटवे लटके राहतात आणि खोडवा पोसत नाही.

१८ जानेवारी

लागण. को ८६०३२ या जातीची रोपं, पाच बाय दोन फूट. एकरी ४,३५६, दीड एकराला साडेसहा हजार. पाच टक्के नांग्या (रोप मेल्याने रिकाम्या पडणाऱ्या जागा) धरून ६,९०० ची नोंदणी नर्सरीत डिसेंबरच्या सुरुवातीलाच केली होती. नर्सरीत पाहण्याच्या गोष्टी दोन. वय ३० ते ४० दिवस. पंचेचाळीसच्या पुढचं रोप ट्रेमध्ये मुळ्या गुंडाळून बसलेलं असतं, ते फुटवे कमी देतं. आणि बेणं नऊ ते अकरा महिन्यांच्या, बेण्यासाठीच वाढवलेल्या प्लॉटमधलं हवं. खोडव्याचा डोळा घेऊन केलेलं रोप स्वस्त मिळतं, पण गवताळ वाढीचा रोग त्याच वाटेने घरी येतो.

सरीत बेसल डोस. सुरूची शिफारस हेक्टरी २५०:११५:११५ नत्र-स्फुरद-पालाश, म्हणजे एकरी १००:४६:४६. लागणीला नत्राचा दहावा हिस्सा आणि स्फुरद-पालाश निम्मं : एकरी युरिया २२ किलो, सिंगल सुपर फॉस्फेट १४४, पोटॅश ३८. खत मातीआड करून आदल्या रात्री ठिबक चार तास चालवलं. रोपांची वरची पानं एक तृतीयांश कापली, ट्रेमधली माती न फोडता लावलं, पायाने हलकं दाबलं.

आंतरपीक नाही. पाच फुटात हरभरा, कांदा, मेथी काहीही येतं आणि खर्च निघतो हे खरं. पण काढणीचा दिवस आपल्या हातात राहत नाही, आणि तणनाशकही मारता येत नाही. चार दिवसांनी वापशावर (ओल आहे पण चिखल नाही अशा मातीवर) गड्याने मेट्रिब्युझिन मारलं, एकरी ६०० ग्रॅम, २०० लिटर पाण्यात, उलटं चालत, सरीत पाय न देता.

२६ जानेवारी

खोडवा. पाचट (तोडीनंतर रानात उरलेला पाला) पेटवलं नाही. सरीत सारून कुट्टी केली, बुडखे कोयत्याने जमिनीबरोबर छाटले, त्यांवर कार्बेन्डाझिम एक ग्रॅम प्रति लिटर. पाचटावर एकरी ३२ किलो युरिया, ४० किलो सुपर फॉस्फेट आणि ४ किलो पाचट कुजवणारं जिवाणू कल्चर शेणखतात मिसळून. नंतर पाणी. पाचटामुळे पहिलं पाणी नेहमीच्या दीडपट वेळ घेतं. पाणी संस्थेच्या पाळीत हे धरलं नाही तर शेवटच्या चार सऱ्या कोरड्या राहतात आणि तिथलं पाचट एप्रिलपर्यंत तसंच वाळलेलं पडून असतं.

खत पहारीने, दोनच हप्ते : पहिला पंधरा दिवसांच्या आत, दुसरा १३५ दिवसांनी. प्रत्येक वेळी एकरी युरिया १०९, सुपर १४४, पोटॅश ३८ किलो. बुडख्यापासून १० ते १५ सेंटिमीटरवर, १५ ते २० सेंटिमीटर खोल, फूटभर अंतराने भोकं. पहिला हप्ता सरीच्या एका बाजूला, दुसरा विरुद्ध. नांगराने सरीच्या बगला फोडायच्या नाहीत, जारवा (जुन्या मुळ्या) तोडायचा नाही. पहारीचं काम कंटाळवाणं आहे, मजूर कुरकुरतात, पण नोकरी करणाऱ्याला वर्षात दोनदाच खत घालायचं असलेलं हे एकमेव ऊस व्यवस्थापन. दुसऱ्या हप्त्याची तारीख काढली : २७ मे. ऐन प्लेसमेंटमध्ये.

९ फेब्रुवारी

नांग्या भरल्या. ठिबकमधून युरिया सुरू. दर रविवारी, एकरी : तिसऱ्या ते आठव्या आठवड्यापर्यंत ७ किलो, नवव्या ते सोळाव्यापर्यंत १२, सतराव्या ते बाविसाव्यापर्यंत १०. बेसलचे २२ धरून बेरीज २२० किलो, म्हणजे शंभर किलो नत्र. वेळेचे तीन भाग : आधी नुसतं पाणी, मध्ये खत, शेवटी पुन्हा नुसतं पाणी. शेवटचा भाग टाळला की ड्रिपरमध्ये खत साकळतं, शेवाळ धरतं. मोटरच्या खोलीच्या भिंतीवर खडूने आठवडा आणि किलो लिहून ठेवले. रविवारी येणं झालं नाही तरी गडी भिंत बघून युरिया मोजतो.

२ मार्च

निर्णयांची वाटणी कागदावर घेतली, कारण फोनवर रोज वाद होत होता.

आण्णा कोणाला न विचारता ठरवतील : मजूर कधी बोलवायचे, मजुरी, खोडव्याच्या पाण्याची पाळी, पाऊस असेल तर मोटर बंद. फोटो पाठवून त्याच दिवशी ठरेल : कीड-रोगाची फवारणी, ठिबकचे तास. रविवारपर्यंत थांबेल : नवीन खत किंवा औषध आणणं, कोणालाही उधार-उसनवार, यंत्राचा सौदा.

फोटो कसा काढायचा हेही ठरवलं : लांबून एक, झाडाचा एक, पान किंवा कोंब हातात धरून एक. नुसतं जवळून काढलेल्या पानावरून शेतातलं प्रमाण कळत नाही, आणि फवारायचं की नाही हे प्रमाणावरच ठरतं.

जेठा कोंब मोडायचं काम सुरू. रोपाच्या बुडाशी दोन-तीन फुटवे दिसले की मधला जुना कोंब जमिनीबरोबर कापायचा. बाकीचे फुटवे एका उंचीने येतात. गड्याला हे पटायला वेळ लागला, कारण सगळ्यात जोमदार कोंबच मोडायचा असतो.

३० मार्च, गुढीपाडवा

क्लोजिंगमुळे महिनाभर शेताकडे नुसता फोन. ठिबक आणि भिंतीवरचा खडू यांवर काम चाललं. पॉवर टिलरने बाळबांधणी (बुडाशी पहिल्यांदा हलकी माती लावणं) झाली.

१३ एप्रिल

खोडकीड आली. मधला पोंगा (शेंड्याची गुंडाळलेली पानं) वाळतो, ओढला की सहज उपसून येतो आणि बुडाला कुजका वास येतो. वास नसेल आणि पोंगा ओढायला घट्ट असेल तर ते उन्हाचं किंवा पाण्याचं दुखणं. दहा ठिकाणी दहा-दहा कोंब मोजले, शंभरात नऊ. पंधरा टक्क्यांच्या वर गेलं तर आर्थिक नुकसानीची पातळी. त्याच्या खाली असलं तरी रविवार ते रविवार अंतर राखणाऱ्याने थोडं आधीच हलावं, कारण सात दिवसांत नऊचे सतरा होऊ शकतात. क्लोरॅन्ट्रानिलीप्रोल १८.५ एससी एकरी १५० मिली, ४०० लिटर पाण्यातून पंपाचं नोझल काढून बुडाशी आळवणी. वाळलेले पोंगे कापून जाळले. ट्रायकोकार्ड (खोडकिडीच्या अंड्यांवर वाढणाऱ्या मित्रकिडीची कार्डं) आळवणीनंतर पंधरवड्याने.

ठिबक रोज केल्याचा फायदा इथे दिसला. ओढ्याच्या पलीकडे पाटाने पाणी देणाऱ्या सुरूत दोन पाण्यांमध्ये जमीन तापते, आणि तिथे प्रादुर्भाव उघड्या डोळ्यांना जास्त दिसतो.

११ मे

वळवाचा जोर नेहमीपेक्षा जास्त. संध्याकाळी कडुनिंब आणि बाभळीवर हुमणीचे (मुळ्या खाणाऱ्या अळीचे) भुंगेरे. पहिल्या वळवानंतरच्या या पंधरवड्यातच हुमणी स्वस्तात मरते. रात्री आठच्या सुमाराला फांद्या हलवायच्या, खाली पडलेले भुंगेरे गोळा करून रॉकेल घातलेल्या पाण्यात टाकायचे. एकट्याच्या बांधावर केलं तर उपयोग नाही, भुंगेरे बांध ओळखत नाहीत. हे काम आठवड्यातल्या कोणत्याही रात्री येतं. म्हणून ओढ्याकडच्या शेजाऱ्यांनी मिळून चार पोरं लावली, खर्च क्षेत्राप्रमाणे.

मोठी बांधणी साडेचार महिन्यांनी, म्हणजे जूनच्या सुरुवातीला धरली होती. ऊस सोळा आठवड्यांचा आहे, बुडाशी दोन-तीन कांड्या सुटल्यात. पाऊस असाच राहिला तर जूनमध्ये वापसा मिळणार नाही. पुढच्या शनिवारीच बांधणी.

१८ मे

बांधणी उरकली. क्रम महत्त्वाचा. आधी लॅटरल उचलून उसाच्या ओळीवर अडकवायची. मग सुपर फॉस्फेट एकरी १४४ किलो आणि निंबोळी पेंड ओळीच्या दोन्ही बाजूंना, सोबत मेटारायझियम (हुमणीला मारणारी बुरशी) एकरी ८ किलो शेणखतात मिसळून. मग टिलरने माती चढवायची आणि शेवटी लॅटरल वरंब्याच्या माथ्यावर परत. लॅटरल खाली राहून मातीआड गेली तर उंदीर कुरतडतात, मुळ्या ड्रिपरमध्ये शिरतात आणि गळती कुठे आहे हे उसाच्या रानात सापडत नाही. उरलेलं युरिया आणि पोटॅश ठिबकनेच. पोटॅश पांढरं घ्यायचं, लाल फिल्टर भरून टाकतं.

८ जून

मेचा उत्तरार्ध पावसात गेला. मान्सून २६ मेलाच मुंबईत दाखल झाला. खोडव्याचा दुसरा हप्ता २७ मेला शक्यच नव्हता. ओल्या काळ्या मातीत पहार घातली की भोकाच्या भिंती लिंपल्यासारख्या गुळगुळीत होतात, पाणी तिथेच साचतं आणि युरिया वाया जातो. जूनच्या सुरुवातीची उघडीप मिळाली, दोन दिवसांत हप्ता दिला.

इकडे कंपनीत खरिपाची ऐन घाई. त्यामुळे सगळी तयारी आधी, आणि काम आपल्या गैरहजेरीत. खत मोजून सरीवार छोट्या पिशव्या केल्या होत्या. युरिया आणि सुपर फॉस्फेट मात्र आधी एकत्र करून ठेवायचं नाही. काही तासांत मिश्रण ओलं होतं, दुसऱ्या दिवशी गारा होतो. वेगवेगळ्या पिशव्या, बांधावर आल्यावर एकत्र, लगेच भोकात, लगेच माती. पिशव्या शिल्लक राहिल्या तर कोणती सरी सुटली ते कळतं.

२९ जून

मेच्या पावसाने रानं वापशावर आली नाहीत, सोयाबीनच्या पेरण्या लांबल्या. कंपनीच्या भाषेत लिक्विडेशन जुलैत सरकलं. म्हणजे जुलैचे रविवारही डीलर मीटिंगांना. सुरू उसाची मोठी बांधणी झालेली, खोडव्याचं खत संपलेलं. आडसाली असता तर याच पंधरवड्यात सरी, बेणं, लागण आली असती. आण्णांनी हा मुद्दा यावेळी स्वतःहून काढला, एवढी नोंद पुरे.

३ ऑगस्ट

ई-पीक पाहणी १ ऑगस्टला सुरू झाली. फोटो शेतात उभं राहूनच काढावा लागतो. आण्णांच्या फोनवर ॲप घालून गड्याला शिकवलं. ऊस आणि माळाकडचं सोयाबीन दोन्ही नोंदवलं. नोंद राहिली तर सातबाऱ्यावर पीक दिसत नाही, आणि पीक कर्जाच्या वेळी सोसायटी तेच विचारते.

१४ सप्टेंबर

खालची वाळलेली पानं काढून सरीत टाकली. पोक्का बोइंग (शेंड्याच्या पानांचा बुरशीजन्य रोग) तुरळक, नवीन पानं सुरकुतलेली. पाऊस उघडला की आपोआप सुधारतं, काही मारलं नाही. फुटव्यांची मोजणी : दहा फूट ओळीत ४६ ते ५०. एकरात ८,७१२ फूट ओळ, म्हणजे एकरी चाळीस हजारांच्या वर गाळपालायक ऊस.

१६ नोव्हेंबर

गाळप हंगाम १ नोव्हेंबरला सुरू. कारखान्याच्या गट ऑफिसला जाऊन लागण नोंदीची तारीख, जात आणि क्षेत्र यादीशी ताडून पाहिलं. तोडणी कार्यक्रम लागण तारखेवर ठरतो. नोंद महिनाभर पुढची पडली असेल तर ऊस मार्चमध्ये जातो आणि पुढचा खोडवा बिघडतो. हे तपासायचं काम नोव्हेंबरातच. जानेवारीत यादी बदलत नाही.

२०२५-२६ ची एफआरपी (कारखान्याने उसाला द्यायचा किमान दर) १०.२५ टक्के साखर उताऱ्याला टनाला ३,५५० रुपये, त्यावरच्या दर ०.१ टक्क्याला ३४.६० रुपये. ११.७५ उतारा धरला तर ४,०६९. यातून तोडणी-वाहतूक वजा होते. ती कारखान्या-कारखान्यात वेगळी, म्हणून तुलना करताना हातात येणारा आकडाच बघायचा. ऊस गेल्यापासून चौदा दिवसांत पैसे देणं ऊस नियंत्रण आदेशाप्रमाणे बंधनकारक आहे, उशीर झाला तर वर्षाला १५ टक्के व्याज.

२५ जानेवारी २०२६

खोडवा गेला, एक एकर, ४३ टन. ओढ्याकडचं रान आता मोकळं : नांगरट, उन्हाळी ताप, जूनमध्ये सोयाबीन, पुढच्या जानेवारीत सुरू.

टोळीने एकरामागे खुशाली (मजुरीवरची वरकड रक्कम) मागितली. सगळीकडे मागतात, आणि ऊस वाळत असताना नाही म्हणायची ताकद फार थोड्यांत असते. गटातल्या सहा जणांनी मिळून एकच रक्कम ठरवली आणि मुकादमाला तोड सुरू व्हायच्या आधी सांगितली. दरवेळी नवा सौदा होत नाही, इतकाच फायदा.

२२ फेब्रुवारी

सुरूची तोड झाली. दीड एकर, ७८ टन, एकरी ५२. याच प्लॉटचा मागचा आडसाली एकरी ६८ होता. रान अडकलं होतं इकडे तेरा महिने, तिकडे सतरा. महिन्याचा हिशोब केला तर दोन्हीकडे एकरी चारच टन येतात. वजनाच्या पावत्या मोबाईलवर फोटो काढून तारखेप्रमाणे ठेवल्या, बिल आल्यावर खेपेनुसार ताडायच्या.

विहिरीकडे आता खोडवा. तोडीआधी लॅटरल गुंडाळून शेडमध्ये टांगली होती. परत पसरण्याआधी शेवटची टोकं उघडून नुसतं पाणी सोडलं, पांढरा थर दिसला म्हणून आम्लप्रक्रिया करायची आहे. पाचटाची कुट्टी उद्या, बुडखे छाटणी परवा. पहारीचा पहिला हप्ता ८ मार्चच्या आत. दुसरा जुलैच्या पहिल्या आठवड्यात येतो, तेव्हा वापसा मिळेल असं धरायचं नाही. या प्लॉटला ठिबक आहे, म्हणून दुसऱ्या हप्त्याचं युरिया आणि पोटॅश एप्रिलपासून रविवारी-रविवारी ठिबकने, आणि सुपर फॉस्फेट सगळंच पहिल्या हप्त्यात : एकरी २८८ किलो, दीड एकराला पन्नास किलोची नऊ पोती. आण्णांच्या नावाने मागणी नोंदवली.